खोट्या गवताची खुरपणी

प्लास्टिकचं गवत विकणारा माणूस गवताविषयी फारसं बोलत नाही. काय काय करावं लागणार नाही, तेवढंच तो सांगतो. पाणी घालायला नको, कापायला नको, खत नको, माळी नको, माळ्याच्या दांड्या नकोत, पावसाळ्यात चिखल नको. इतके नकार एका दमात ऐकले की आपल्यासारख्या नोकरदार माणसाला घरबसल्या संन्यास घेतल्याचं समाधान मिळतं. मग आपण स्क्वेअर फुटाचा भाव विचारतो, भावात पाच-दहा रुपये पाडून घेतो, आणि २५ एमएमचं पुरत असताना ३५ एमएमचं घेतो. कारण पाहुणे बसले की मऊ लागलं पाहिजे.

पुण्याच्या पश्चिमेला, बाणेर-बावधनच्या बाजूला, ज्या रो-हाउसच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या पुढ्यात अंगण नावाची एक पट्टी असते. वर चार बोटं लाल माती, आणि खाली बिल्डरने जाताना श्रद्धेने पुरून ठेवलेले विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि फरशीचे कोपरे. त्यावर लॉन लावायचा उत्साह दोनेक उन्हाळे टिकतो. पुढच्या उन्हाळ्यात टँकर सुरू होतात, आणि बागेला पिण्याचं पाणी घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. नोंद घेतली जाते. आठवड्याभरात टेम्पोतून हिरवे रोल उतरतात. आमच्याकडेही उतरले. साडेसहा फूट रुंदीचे, गुळगुळीत, वासाला नव्या गाडीचे. त्यांना आता बरीच वर्षं झाली. या गवताने मला जितक्या वेळा गुडघ्यावर बसवलं आहे, तितकं खऱ्या बागेने बसवलं नसतं.

या वस्तूचं जगात नाव झालं, तेच मुळी एका फजितीतून. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं भलंथोरलं बेसबॉल स्टेडियम उघडलं. छपराला पारदर्शक तावदानं आणि खाली खरं गवत, असा बेत होता. दिवसा खेळताना मात्र वर उडालेला चेंडू तावदानांच्या चकाकीत खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदानांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला, गवत मेलं. मग मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून तो हंगाम कसाबसा रेटला आणि १९६६ मध्ये तिथे मोन्सॅन्टो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं. हेच गवत १९६४ मध्ये र्‍होड आयलंडमधल्या मोझेस ब्राउन शाळेत केमग्रास या नावाने घातलं गेलं होतं. स्टेडियमच्या पुण्याईने ते अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं. यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. छपराखाली मेलेलं ते गवत बर्म्युडा जातीचं होतं, म्हणजे आपल्या हरळीच्या भावकीतलं. आपल्याकडे हरळी काढता काढता शेतकऱ्याच्या पिढ्या थकल्या. तिला मारायला अमेरिकेला एवढा मोठा घुमट बांधावा लागला.

घरी गवत अंथरल्यावर पहिले काही महिने आपण त्याच्याकडे पाहत राहतो. नंतर ते आपल्याकडे पाहायला लागतं. प्लास्टिकच्या पात्यांना मखमलीसारखी लव असते, म्हणजे सगळ्यांचा कल एका बाजूला. त्यावरून माणसं चालली की पाती आडवी होतात, आणि खऱ्या गवताप्रमाणे रात्री दव पिऊन सकाळी उठून उभी राहत नाहीत. आपण उठवेपर्यंत पडून राहतात. त्यामुळे घरातल्यांच्या सगळ्या सवयी अंगणात छापल्या जातात. आमच्याकडे गेटपासून दारापर्यंत एक पायवाट पडली, ती अपेक्षित होती. दुसरी मीटरच्या पेटीकडे जाणारी, वीज गेली की मी तिथे जाऊन नुसता उभा राहतो त्याची. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एक गोल. तो कशाचा, हे काही दिवस कळेना. मग लक्षात आलं की घरात मोबाइलला रेंज फक्त तिथेच मिळते, आणि तिथे गोल गोल फिरत बोलणारी व्यक्ती तासाच्या आत फोन ठेवत नाही. ती व्यक्ती कोण, हे लिहिण्यात शहाणपण नाही.

या आडव्या पात्यांवर उपाय आहे. ताठ नायलॉनच्या केसांचा लांब दांड्याचा ब्रश घ्यायचा आणि लवेच्या उलट दिशेने ओढायचा. तारेचा ब्रश वापरला तर पाती फाटतात. नुसता ब्रश मात्र दोन दिवसांपुरता. पाती उभी राहायची तर त्यांच्या बुडाशी काहीतरी आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे बारीक, धुतलेली सिलिका वाळू. थोडी थोडी पसरायची, ब्रशने आत मुरवायची, पुन्हा पसरायची. वाळूच्या वजनाने खालचं बॅकिंग जागेवर राहतं, कडा उचलल्या जात नाहीत आणि पात्यांना कंबर येते. मी वाळूची पोती आणली तेव्हा घरातून प्रश्न आला, "अहो, माती नको म्हणून एवढे पैसे घालून हे आणलं ना? मग आता त्यावर वाळू?" प्रश्न बिनतोड होता. मी ब्रश मारत राहिलो.

पावसाळा आला की गवताच्या खालची बाजू बोलायला लागते. बॅकिंगला पाणी जायला भोकं असतात, पण आमच्या भागात बारा महिने कुठे ना कुठे बांधकाम चालू. ती धूळ पात्यांच्या मुळाशी बसते, पहिल्या पावसात तिचा गाळ होतो आणि गाळाने भोकं बुजतात. मग उताराच्या टोकाला पाणी साचतं, सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, आणि बंद खोलीतल्या ओल्या सतरंजीचा वास अंगणात यायला लागतो. अशा वेळी कड उचलून खालचा गाळ धुऊन काढायचा, वरून पाण्याचा जोर मारायचा, शेवाळावर पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर शिंपडून ब्रश करायचा, आणि हे सगळं पावसाने दिलेल्या उघडिपीत उरकायचं. शेजारी कुत्रा आहे. त्याने आमच्या अंगणाला आपलं मानलेलं आहे. खरी जमीन असती तर तिने ते प्रकरण परस्पर मिटवलं असतं. प्लास्टिक काही शोषून घेत नाही, त्यामुळे बादलीभर पाणी घेऊन मलाच जावं लागतं.

पण पावसाळ्यातला खरा सोहळा वेगळा. दोन रोल जिथे जोडलेले असतात, त्या फटीत थोडी धूळ, थोडी ओल आणि कुठून तरी आलेला एक कोंब एवढ्या भांडवलावर हरळी उगवते. अ‍ॅस्ट्रोडोममधल्या आपल्या बहिणीचा सूड घ्यायला आल्याच्या ऐटीत ती पसरते. एका पेरापासून दुसऱ्या पेराकडे धावत, पेरापेराला मूळ धरत, प्लास्टिकच्या पात्यांमधून तिची खरी पाती डोकं काढतात. रंगाने ती जरा फिकी आणि उंचीला मनमानी, त्यामुळे लगेच ओळखू येते. आणि मग सुटीच्या दिवशी सकाळी एक सुशिक्षित माणूस खोट्या गवतातून खरं गवत उपटत बसलेला रस्त्यावरून दिसतो. खुरपं चालत नाही, बॅकिंग फाटतं. बोटांनीच, पाऊस पडून गेल्यावर, मुळाशी धरून हळू ओढायचं. मूळ तुटलं की ती पुन्हा आठ दिवसांनी हजर.

भाद्रपदात मात्र तिचा मान बदलतो. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी लागते, आणि बाजारात त्या जुडीला गुलाबापेक्षा जास्त भाव आलेला असतो. समोरच्या आजी तेव्हा परडी घेऊन हक्काने आमच्या गेटमधून आत येतात. "तुमच्या सतरंजीत छान येतात हो दूर्वा," म्हणतात. त्या गवत हा शब्द आमच्या अंगणासाठी कधीच वापरत नाहीत. त्यांची खुडणी होईपर्यंत, म्हणजे श्रावणाच्या अखेरीपासून, मला तण काढायला बंदी असते. बाप्पाला आमच्या घरचं जे काही खरं पोचतं, ते या जोडाच्या फटीतूनच पोचतं.

उन्हाळ्याचं गणित आणखी वेगळं. खरं गवत अंगातलं पाणी हवेत सोडून स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिकला घाम येत नाही. एप्रिलच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो, आणि अनवाणी बाहेर पडलेला माणूस ज्या उड्या मारतो त्यांना नाचाच्या कुठल्याही घराण्यात जागा नाही. म्हणून संध्याकाळी पाहुणे यायच्या आधी पाणी मारावं लागतं. पाणी मारलं की ते गार होतं, आणि ऊन असेल तर थोड्याच वेळात पुन्हा तापतं. पाणी वाचवायला आणलेल्या गवतावर मी पाइप धरून उभा असतो. या विसंगतीत मी एकटा नाही, एवढंच समाधान. १९७५ साली क्वालालंपूरला खऱ्या गवतावर भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला, आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली तेव्हा आपण सातवे आलो. पुढे हॉकीसाठी जी खास मैदानं तयार झाली, ती तर सामन्याआधी चक्क भिजवावी लागतात. चेंडू सरळ धावावा आणि पडणाऱ्याचं कातडं सोलून निघू नये म्हणून. खरी हिरवळ पाणी पिते. नकली हिरवळ नुसती अंघोळ करते, पण पाणी दोघींना लागतं.

आता दिवाळी. फुलबाजी जळताना भीतीदायक दिसते, म्हणून मुलं ती जपून धरतात. विझल्यावर तिची काळी तार निरुपद्रवी दिसते, म्हणून टाकून देतात. पॉलिथिलीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, आणि फुलबाजीची तार विझल्यावरही बराच वेळ त्याहून कितीतरी तापलेली असते. परिणामी पाडव्याच्या सकाळी अंगणात जागोजागी बोटभर लांबीचे चकचकीत, काळपट हिरवे ओरखडे दिसतात. पाती वितळून एकमेकांना चिकटलेली, हाताला टणक लागणारी. भुईनळ्याचा डाग बशीएवढा गोल असतो. खऱ्या हिरवळीवर असा डाग पडला असता तर आजूबाजूच्या मुळांनी तो पुढच्या पावसात भरून काढला असता, आणि कोणी लावला हे विसरलंही गेलं असतं. खरं गवत माफ करतं. खोट्याकडे ती सोय नाही. तिथे कटर, टेप आणि अ‍ॅडेसिव्ह लागतं.

त्यासाठी मी ज्याला बोलावतो, तो मुलगा मुळात बॉक्स क्रिकेटच्या टर्फची कामं करणारा. रात्री उशिरापर्यंत आयटीतली मंडळी टर्फवर षटकार मारतात, ती गेली की याचं काम सुरू. गोलंदाजाचा पाय पडतो तिथला आणि फलंदाज उभा राहतो तिथला भाग सगळ्यात आधी उडतो, म्हणे. तेवढेच चौकोन काढायचे आणि नवे बसवायचे. आमच्या अंगणाचं काम त्याच्या लेखी किरकोळच. तरी तो येतो, चप्पल बाहेर काढतो आणि आधी काही न करता लवेवरून तळहात फिरवतो. कुठली दिशा, ते बघायला.

मग तो कड उचलून गवत उलटं करतो. वरून जे रान दिसतं, ते खालून अगदी शिस्तीचं असतं. काळ्या बॅकिंगवर टाक्यांच्या सरळ, समांतर ओळी. तो डाग वरून कापत नाही. खालून, दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत कटरचं पातं ठेवून ओढतो, म्हणजे एकही टाका तुटत नाही. जळक्या भागापेक्षा बोटभर मोठा चौकोन निघतो. तेवढाच चौकोन तो दुसरीकडून काढतो, आणि मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवतो. बाण चुकला, तुकडा उलटा बसला, तर रंग तोच असूनही तो वेगळा दिसतो. पाती उन्हाकडे वळलेली आणि पाती उन्हाकडे पाठ केलेली यांच्या हिरवेपणात फरक पडतो. खाली कापडी टेप, टेपवर अ‍ॅडेसिव्ह. लावल्यावर लगेच चिकटवायचं नाही. मी घाई करायला लागलो की तो बोट टेकवून दाखवतो. "काका, बोटाला लागलं पाहिजे, पण बोटाबरोबर यायला नको. तेव्हा बसवायचं." तसं झालं की चारही कडा एकमेकींना भिडवतो. कडेत सापडलेली पाती खिशातल्या कंगव्याच्या टोकाने एक एक करून मोकळी करतो. तो कंगवा नंतर पुन्हा खिशात जातो. वर प्लायचा तुकडा, त्यावर विटा, आणि रात्रभर कोणी पाय ठेवायचा नाही. हे शेवटचं तो मोबाइलच्या गोलाकडे बघत सांगतो.

नवा चौकोन कुठून आणायचा, यात या धंद्यातली खरी मेख आहे. रोल घालताना उरलेले तुकडे मी मोठ्या दूरदृष्टीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवले होते. ते काढल्यावर त्याने नुसती मान हलवली. माळ्यावरचा तुकडा बाटलीच्या हिरव्या रंगाचा, तुळतुळीत. अंगणातलं गवत इतक्या उन्हाळ्यांत फिकट होऊन, धूळ खाऊन, टोकाला जरा विस्कटून आता बऱ्यापैकी गवतासारखं दिसायला लागलेलं. त्यात तो कोवळा चौकोन बसवला असता तर जळका डागच बरा दिसला असता. "उरलेला माल उन्हात ठेवायचा असतो काका. खालच्या गवताबरोबर त्याचंही वय झालं पाहिजे." त्या वेळी त्याने एसीच्या बाहेरच्या यंत्रामागचा, कोणाला न दिसणारा तुकडा कापून पुढे बसवला आणि माळ्यावरचा मागे लपवला. आता माळ्यावरचे बाकीचे तुकडे गच्चीवर असतात. पापड-कुरडयांच्या दिवसांत समोरच्या आजींनी वरती बघून विचारलं, "हे कसलं वाळवण?" म्हातारं व्हायला ठेवलंय, असं सांगितल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही.

या गवतावर जगात वाईट बोललं जातं, आणि ते उगीच नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये आपल्या पुष्पप्रदर्शनांतून त्याला हद्दपार केलं. कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला तेव्हा, २०१५ साली, शहरांना नकली गवताला मनाई करता येणार नाही असा कायदा झाला. २०२३ मध्ये, हवी तर शहरांनी बंदी घालावी, अशी मोकळीक पुन्हा देण्यात आली. त्याच वर्षी युरोपीय संघाने मैदानांवर पसरल्या जाणाऱ्या रबरी-प्लास्टिकच्या दाण्यांवर आठ वर्षांची मुदत देऊन बंदी आणली, कारण ते कण पावसाबरोबर वाहून जातात. माझ्या गवतात दाणे नाहीत, वाळू आहे. पण जुनी पाती ठिसूळ होऊन तुटतात, आणि ब्रश मारल्यावर सुपलीत जो हिरवा भुगा येतो तो काही खत नाही. तो मी नाल्याकडे न ढकलता गोळा करून कोरड्या कचऱ्यात टाकतो. या गवताखाली गांडूळ नाही, वर फुलपाखरू बसत नाही. यातलं काहीच मला नाकारता येत नाही.

नाकारता येत नाही म्हणूनच माझी दुरुस्ती चालू आहे. पाती एका प्लास्टिकची, बॅकिंग दुसऱ्याचं, वर चिकटवणारा लेप तिसरा. ही खिचडी वेगळी करणं इतकं किचकट की उचकटलेला रोल बहुतेक वेळा सरळ कचरा डेपोत जातो. आणि तिथे तो आमच्या नातवंडांनंतरही शाबूत असणार. वर्षाकाठी दोन चौकोन बदलून, वाळू भरून, जोड चिकटवून तो जितकी वर्षं अंगणात राहील तितकी बरी. खऱ्या गवतावर प्रेम करायला काही लागत नाही, ते आपल्या जिवावर जगतं. खोटं एकदा घरात आणलं की त्याला खऱ्याहून जास्त निगुतीने वागवावं लागतं. त्याला स्वतःचं असं काहीच करता येत नाही. उठून बसणंसुद्धा.

हे सगळं मी परवा आमच्या मागच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या काकांना सविस्तर सांगितलं. ते अंगणात लॉन घालायचं की रोल, या पेचात होते. मी लव सांगितली, वाळू सांगितली, भोकं, शेवाळ, फुलबाजीची तार, खडूचा बाण, एसीमागचा तुकडा, सगळं सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाले, "एवढं सगळं करायचं तर मग खरी हरळीच लावलेली काय वाईट?" मी म्हटलं, "काहीच वाईट नाही." ते विचार करत घरी गेले. आठवड्याने त्यांच्या दारात टेम्पो लागला, रोल उतरले, आणि काका माझ्याकडे ब्रश मागायला आले. ब्रश मी दिला. वाळूचं पोतं मात्र स्वतःचं आणायला सांगितलं.